दवाखान्यात नंबर आपोआप पुकारणारी यंत्रणा बसवायची आहे, सल्ला हवा

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कराडला माझ्या मोठ्या दिरांचा दवाखाना आहे, फॅमिली डॉक्टर. काउंटर आणि हिशेब मी बघते. सकाळच्या ओपीडीला साठ-सत्तर पेशंट असतात, सोमवारी त्याहून जास्त. सध्या वहीत नाव लिहायचं, पुठ्ठ्याचा नंबर द्यायचा आणि आतून बेल वाजली की मी दारात जाऊन नाव पुकारायचं, अशी पद्धत आहे. फोन, पैसे, केस पेपर सगळं टाकून दर चार मिनिटांनी उठावं लागतं. हॉल लहान, म्हणून निम्मी माणसं व्हरांड्यात, जिन्यावर नाहीतर समोरच्या चहाच्या टपरीवर. त्यांना ऐकू जात नाही, पुढचा नंबर आत जातो आणि मग आधीचा येऊन वाद घालतो. त्याचंही चुकत नाही.

पाटणकडून सकाळच्या एसटीने येणारे बरेचजण वयस्कर आहेत. दुपारची गाडी चुकली तर त्यांचा दिवस जातो, त्यांच्यासाठी तरी हे नीट व्हावं असं फार वाटतं.

एका विक्रेत्याने टच स्क्रीनचं टोकन मशीन, एलईडी बोर्ड, स्पीकर आणि वार्षिक देखभाल असं भलंमोठं कोटेशन दिलंय. एवढं खरंच लागतं का? आवाज मराठीत हवा आणि वीज गेली तरी अडायला नको. शिवाय ‘तुमचा नंबर जवळ आला’ असा फोन किंवा मेसेज आपोआप जाऊ शकतो का?

सर्किट_नाशिक

ताई, टच स्क्रीनचं मशीन घेऊ नका. ते बँकेत शोभतं, तिथे माणूस येऊन आपलं काम निवडतो. तुमच्याकडे नाव काउंटरवरच लिहिलं जातं, टोकनही तिथेच द्या. पुठ्ठे चालू ठेवलेत तरी काही बिघडत नाही.

साधा मार्ग म्हणजे भिंतीवर मोठ्या आकड्यांचा एलईडी बोर्ड आणि हातात बिनतारी बटण. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो आणि घंटा वाजते. संगणक नको, इंटरनेट नको. घेताना एवढंच बघा की ‘मागे’ आणि ‘तोच नंबर पुन्हा’ ही दोन बटणं आहेत. ‘पुन्हा’ दिवसभर लागतं.

दुसरा मार्ग टीव्ही आणि त्याला अँड्रॉइड बॉक्स. यात आवाज, दोन रांगा, डॉक्टरांच्या सुट्टीची सूचना असं बरंच करता येतं. पण सॉफ्टवेअर दवाखान्यातल्या राउटरवरच चालणारं घ्या. विक्रेत्यासमोर राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि नंबर पुढे जातो का बघा. मग मेन स्विच बंद करून पुन्हा लावा. टीव्ही कोणी हात न लावता त्याच पडद्यावर यायला हवा आणि शेवटचा नंबर लक्षात राहायला हवा. भर ओपीडीत सगळं पुन्हा एकपासून सुरू झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. राउटर, बॉक्स आणि टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नासेक वॉट खातो, पंख्यापेक्षा जास्त नाही.

आवाजाचं एक नीट तपासा. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा बोलला जातो. इंग्रजीवर बेतलेली यंत्रं दशक आणि एकक जोडून बोलतात, ते मराठीत चालत नाही. प्रत्येक आकड्याचा आवाज स्वतंत्र रेकॉर्ड केलेला लागतो. विक्रेत्याला त्रेसष्ट, एकोणऐंशी आणि शहाण्णव वाजवून दाखवायला सांगा, लगेच कळेल. नाहीतर शांत दुपारी तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा. पेशंटच्या कानाला तो सवयीचा आहे.

कानोसा

मी श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून आवाजाबद्दल थोडं सविस्तर.

वय वाढतं तशी आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येण्याची क्षमता कमी होते. स्वस्त यंत्रांची बीप नेमकी त्याच पट्टीत असते. तरुण दचकतात आणि ज्यांच्यासाठी ती वाजवली त्या आजींना पत्ताच नसतो. धुराच्या अलार्मवर झालेल्या अभ्यासांतही ३१०० हर्ट्झच्या नेहमीच्या चिरक्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा खालचा, भरीव आवाज कमी ऐकू येणाऱ्यांना झोपेतून जास्त चांगला उठवतो असं दिसलं. तुमची घंटा ‘टिंग’पेक्षा ‘डाँग’कडे झुकणारी असू द्या.

फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो. एक मोठा स्पीकर लावून आवाज वाढवला की शब्द आणखीच अस्पष्ट होतात. त्यापेक्षा दोन लहान स्पीकर लावा, एक हॉलमध्ये आणि एक व्हरांड्यात, दोन्ही माफक आवाजात.

एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि सदुसष्ट असे आकडे गर्दीत सारखेच वाटतात. म्हणून ‘नंबर एकोणसत्तर. सहा, नऊ.’ असं रेकॉर्ड करा. क्षणभर थांबून तेच पुन्हा.

पुठ्ठ्यावरचा आकडा आणि बोर्डावरचा आकडा एकाच लिपीत ठेवा. साध्या बोर्डावर इंग्रजी आकडेच येतात. पुठ्ठ्यावर देवनागरी असतील तर १ आणि इंग्रजी नऊ यांचा घोटाळा होतो, दोन्ही दुरून सारखे दिसतात. ज्यांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी आवाज आहेच.

बाळरोग_जळगाव

वरचे सल्ले उत्तम आहेत, पण खरेदीच्या आधीचं काम वेगळं आहे. भांडण आवाजावरून कमी आणि ‘हे मधेच कसे आत गेले’ यावरून जास्त होतं. यंत्र आलं की तो प्रश्न अधिक धारदार होतो, कारण आता आकडा सगळ्यांना दिसतो. तेव्हा डॉक्टरांना बसवून क्रमाचे नियम कागदावर लिहून घ्या.

आमच्याकडे रिपोर्टवाल्यांची रांग वेगळी आहे. नेहमीचे नंबर १ पासून, रिपोर्टचे २०१ पासून. तीन नेहमीचे झाले की एक रिपोर्ट. दोन्ही आकडे पडद्यावर शेजारी दिसतात, म्हणून कोणी मधे घुसलं असं कोणाला वाटत नाही. पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा नंबर बाद करत नाही, तो आला की पुढच्या दोघांनंतर घेतो. धाप, छातीत दुखणं, झटके, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यांना नंबरच नाही, थेट आत. हे सगळं मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलंय. एसटीने येणाऱ्यांना सवलत द्यायची असेल तर तीही तिथेच लिहा. न लिहिता दिलेली सवलत इतरांना वशिला वाटते.

आणि पडद्यावर नाव नको. फक्त आकडा. लहान गावात कोण कोणत्या डॉक्टरकडे किती वेळा गेलं याच्या चर्चा होतात, त्या भीतीने काहीजणी यायचंच टाळतात.

फ्रंटडेस्क_ठाणे

फोनबद्दल. साध्या दहा आकडी सिमवरून आपोआप घाऊक कॉल किंवा एसएमएस पाठवायच्या भानगडीत पडू नका. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर, नोंदणी लागते. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एका दवाखान्यासाठी हा व्याप झेपण्यासारखा आहे, पण आज ठरवलं आणि उद्या सुरू केलं असं होत नाही.

व्हॉट्सॲपच्या फुकट बिझनेस ॲपमध्ये ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. आपोआप पाठवायचा तर सशुल्क सेवा घ्यावी लागते, तिथेही नमुना मंजूर करावा लागतो. मजकूर ‘तुमच्या आधी तीन नंबर आहेत, कृपया दवाखान्यात या’ इतकाच. आजाराचा किंवा तपासणीचा उल्लेख अजिबात नको. नंबर घेतानाच मेसेज पाठवू का हे विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी विचारायला हवं.

सगळ्यात जास्त अडचण मात्र वेगळीच येते. केस पेपरवरचा मोबाइल पुण्या-मुंबईतल्या मुलाचा असतो. मेसेज त्याला ऑफिसात जातो आणि आई इथे पायरीवर बसलेली. म्हणून ‘फोन नंबर सांगा’ असं न विचारता ‘आत्ता तुमच्यासोबत कोणता फोन आहे?’ असं विचारा. फोनच नसेल तर पुठ्ठ्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे त्यांना आठवणीने हाक मारता येईल.

आभाळमाया

एक भर. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये काउंटरवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून नोंदणी करायची आणि टोकन घ्यायची सोय ऑक्टोबर २०२२ पासून आहे. पेशंटकडे आभा खातं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, लागतं. तुमच्या वयस्कर पेशंटना ते जमेलच असं नाही, पण तरुणांचा काउंटरवरचा लिहिण्याचा वेळ वाचेल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भाऊजींना हा धागा वाचून दाखवला. रिपोर्टची वेगळी रांग त्यांना फार पटली, नियमांचा कागद लिहायला घेतलाय. साधा बोर्ड घ्यायचा तर दोन रांगा दाखवणारा मिळतो का? आणि बटण कोणाकडे द्यावं? तपासताना ते बोलण्यात गुंततात, बटणाची आठवण राहील असं वाटत नाही.

सर्किट_नाशिक

दोन ओळींचा बोर्ड मिळतो, प्रत्येक ओळीला वेगळं बटण मागा. बटण डॉक्टरांकडे नको, तुमच्याकडेच ठेवा. पेशंट दारातून बाहेर पडताना तुम्हाला दिसतोच, तेव्हा दाबायचं. दोघांकडे बटणं दिली तर नंबर दोनदा पुढे जातो. डॉक्टरांची आतली बेल आहे तशीच राहू द्या, ती ‘पाठवा’ म्हणायला उपयोगी पडेल.

कोयनाकाठ

आणि बोर्ड हॉलमध्ये लावावा की व्हरांड्यात? एकच घ्यायचा विचार आहे.

बाळरोग_जळगाव

व्हरांड्याच्या दारावर आतल्या बाजूने, असा की हॉलमधूनही दिसेल आणि जिन्यावरूनही. पावसाची झड तिथे येत नाही ना ते बघून घ्या. आणि गोवराचा संशय असलेलं ताप-पुरळ आलेलं मूल आलं तर त्याला या दोन्हीकडे बसवू नका, पालकांचा फोन घेऊन गाडीत किंवा अंगणात थांबवा आणि थेट आत घ्या. तो विषाणू बंद खोलीत दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. हा नियम कागदावर सगळ्यात वर लिहा.