कुस्तीचा काल्पनिक शो लिहिताना तपशील किती द्यावा? सल्ला हवा

खासबाग_चाहता:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातले आम्ही काही दोस्त मिळून एक काल्पनिक रेसलिंग फेडरेशन चालवतो. प्रत्येकानं आपापला पैलवान घडवलाय, त्याचे प्रोमो (लढतीआधीची आव्हानाची भाषणं) तोच लिहितो. निकाल मतदानानं ठरतात आणि दर आठवड्याचा शो लिहायचं काम माझ्याकडं आहे. शोमध्ये सहा-सात लढती असतात. मी घंटा वाजल्यापासून पिन होईपर्यंत (म्हणजे पंच तीन मोजेपर्यंत समोरच्याचे खांदे टेकवून ठेवेपर्यंत) सगळं लिहितो: लॉकअप, हेडलॉक, ड्रॉपकिक, दोनचा काउंट. आता गटात दोन मतं पडलीत. काहीजण म्हणतात, एवढं कोण वाचतंय, शेवट आणि निकाल दिला तरी पुरे. ज्याचा पैलवान लढतीत असतो त्याला मात्र एकेक डाव हवा असतो. पुढचा मोठा शो इथल्या खासबाग कुस्ती मैदानात घडवायचाय, त्याआधी हे ठरवायला हवं. आणि मातीतले डाव आणले तर चालतील का?

तिसरी_दोरी:
भावा, शब्द मोजत बसू नकोस. हा डाव काढून टाकला तर पुढचं काही अडतं का, एवढं बघ. अडत नसेल तर एका वाक्यात उरक.

29 मार्च 1987 चा रेसलमेनिया 3 (अमेरिकन रेसलिंगचा वर्षातला मोठा शो) पुन्हा बघ. हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांच्या लढतीत डाव अगदी मोजके आहेत. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, ते वजन पेलत नाही, आंद्रे त्याच्या अंगावर कोसळतो आणि तीनचा काउंट पडता पडता राहतो. मग बराच वेळ मिठी, धक्के, दमछाक. शेवटी होगन त्याच आंद्रेला उचलून आपटतो, लेग ड्रॉप मारतो (उडी घेऊन पाय अंगावर आपटतो), पिन. ही लढत मला लिहायची असती तर तो पहिला फसलेला प्रयत्न मी सावकाश लिहिला असता: गुडघे कसे वाकले, पंच खाली कसा झेपावला, होगन पाठ धरून कसा उठला. मधली मिठी दोन वाक्यांत. पहिला प्रयत्न वाचकाच्या डोक्यात पक्का बसला नाही, तर शेवटी आंद्रेला उचलल्याचं कुणाला काय वाटणार?

त्याच रात्रीची रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत उलट जातीची. झपाझप डाव, पिनचे प्रयत्न एकामागून एक. पण तिचा कणा म्हणजे रिंगची घंटा. आदल्या वर्षी सॅव्हेजनं त्याच घंटेनं स्टीमबोटचा गळा जायबंदी केला, अशी कथा होती. रेसलमेनियात तो परत घंटा घेऊन कोपऱ्यावर चढतो, स्टीमबोटच्या बाजूनं उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला ढकलतो आणि स्टीमबोट त्याला स्मॉल पॅकेजमध्ये, म्हणजे गुंडाळी करून, आवळून पिन करतो. पिनचे सगळे प्रयत्न लिहिलेस तर शेवटच्याला कुणी दचकणार नाही. दोन-तीन निवड, बाकीचे "दोघांनी एकमेकांना सुचू दिलं नाही" अशा वाक्यात जाऊ देत. घंटेचा एकही प्रसंग मात्र गाळू नकोस.

आकडाच हवा असेल तर मेन इव्हेंटला पाचशे-सहाशे शब्द, मधल्या लढतींना शंभर-दीडशे, एकतर्फी लढतीला चार ओळी.

शनिवारपेठ:
तिसरी_दोरी यांचं पटतं, पण तुमच्या फेडरेशनमध्ये प्रत्येक पैलवानामागं एक खरा माणूस आहे, हे विसरून चालणार नाही. त्यानं आठवडाभर जीव ओतून प्रोमो लिहिला आणि त्याचा पैलवान चार ओळीत हरला, तर तो पुढच्या वेळी लिहीलच असं नाही. म्हणून मी म्हणेन, जो हरणार त्याला जास्त तपशील दे. रेसलमेनिया 13 मध्ये, 1997 साली, ब्रेट हार्टच्या शार्पशूटरमध्ये (पाय अडकवून पाठ वाकवणारी पकड) स्टीव्ह ऑस्टिन रक्तबंबाळ होऊन शुद्ध हरपेपर्यंत अडकून राहिला, पण त्यानं हार मानली नाही. लढत हरला आणि मोठा तिथंच झाला. कागदावर हे फक्त तपशिलानंच साधतं. जिंकणाऱ्याला निकाल मिळालेलाच असतो.

मातीतला:
मातीतल्या डावांबद्दल. आणा, जरूर आणा, पण त्यांची जागा सांभाळा. धोबीपछाड उभ्या कुस्तीत लागतो. घिस्सा खाली घेतलेल्या, कब्जात असलेल्या पैलवानावर चालतो. खडाखडी (सुरुवातीची उभ्यानं चाललेली झटापट) चालू असतानाच घिस्सा लावलात तर तालमीत गेलेला वाचक तिथंच थांबेल. डावाचं नाव एकदा सांगितलंत की पुढं अंगाचं लिहा: पकड कुठं, वजन कुणीकडं, कुठला खांदा मातीकडं चाललाय. कुस्ती न बघितलेल्यालाही त्यातून कळतं.

खासबाग 1912 साली शाहू महाराजांच्या काळात झालं. मधला हौदा (कुस्तीची माती असलेली जागा) खाली आणि भोवतीनं चढत जाणारी बैठक, त्यामुळं लांबच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. याचा लिहिताना उपयोग करा. मैदानाचं वर्णन सुरुवातीला परिच्छेदभर केलंत की पुन्हा नको. हलगी मात्र अधूनमधून येऊ दे, आणि तिची लय लढतीबरोबर बदलू दे. लढत मातीत घेणार असाल तर दोऱ्या नाहीत, कोपरा नाही, तीनचा काउंटही नाही. दोन्ही खांदे टेकले की चितपट. मग तुमच्या पैलवानांचे निम्मे फिनिशर (लढत संपवणारे खास डाव) बाद होतात, ते आधी प्रत्येकाशी बोलून ठरवा.

खासबाग_चाहता:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच लढत मातीत ठेवतो, बाकी रिंगमध्ये. हरणाऱ्याला जास्त तपशील, हे गटालाही लगेच पटलं. अजून एक विचारतो: रॉयल रंबलसारखी 30 जणांची लढत आहे (ठराविक वेळानं एकेक जण रिंगमध्ये येतो, वरच्या दोरीवरून बाहेर पडला तो बाद, शेवटी उरतो तो जिंकतो). ती कशी लिहू?

तिसरी_दोरी:
कोण कितव्या नंबरवर आला आणि कुणी कुणाला बाहेर काढलं, याची यादी वेगळी करून शेवटी जोड. म्हणजे आपलं नाव शोधणाऱ्याला ते सापडतं आणि तुझं वर्णन मोकळं होतं. वर्णनात चार-पाचच धागे धर: जुनं वैर असलेले दोघं समोरासमोर येतात ते, पहिल्या नंबरपासून टिकलेला, जोडीदारालाच बाहेर फेकणारा, आणि शेवटचे दोघं. मधे रिंग भरत जाते तेव्हा वेळ पळव, "पुढच्या चार जणांत कुणीच पडलं नाही" असं लिहून मोकळा हो. शेवटच्या दोघांपाशी मात्र थांब. तिथं दोरीवरची बोटंसुद्धा लिही.