हायब्रिड टूरिंग बाइंडिंग, लिफ्टवरचं स्कीइंग : स्की मधेच सुटते, डीआयएन वाढवू का?

नाशिककर_डेन्व्हर

नमस्कार मंडळी. कोलोरॅडो-यूटातले बरेच जण इथे आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतो.

या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाकडून वापरलेली स्की घेतली. तिच्यावर हायब्रिड टूरिंग बाइंडिंग (बुटाला स्कीशी जोडणारं साधन) आहे. चढताना बुटाचं टोक दोन पिनांमध्ये बसतं आणि टाच मोकळी राहते. उतरायच्या वेळी पुढचा खटका फिरवला की तेच टो-पीस (टोकाकडचा भाग) साध्या अल्पाइन, म्हणजे फक्त उतरण्यासाठीच्या बाइंडिंगसारखं बुटाला धरतं. बूट माझे स्वतःचे, टूरिंगचेच, जाड रबरी तळाचे. दुकानात नेऊन टाचेचा भाग माझ्या बुटाच्या लांबीला सरकवून घेतला, त्यांनी डीआयएन (किती जोर पडला की बाइंडिंग सुटेल तो आकडा) ६ लावून दिला. वजन ७४ किलो, उंची १७६ सेंटिमीटर, वय ३८. मध्यम वेगाने उतरतो.

स्किन्स (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून चढाई अजून केलेली नाही. शनिवारी लव्हलँड नाहीतर ए-बेसिन या इथल्या स्की-रिसॉर्टवर, दिवसभर चेअरलिफ्ट. अडचण अशी की मोगल्समध्ये (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमध्ये) किंवा सकाळच्या टणक बर्फावर उजवी स्की सुटते, तेही मी नीट उभा असताना. मागच्या शनिवारी सुटली ती ब्रेक रुतेपर्यंत बरीच खाली गेली. खाली एक बाई आपल्या लहान मुलीला वळायला शिकवत होती. त्यांच्या अगदी शेजारून गेली. तेव्हापासून ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

मित्र म्हणतो ८.५ कर, प्रश्न मिटेल. तो आणखी एक करतो: लिफ्टकडे जाणारा लांब सपाट पट्टा आला की बाइंडिंग चालण्याच्या मोडवर टाकतो, टाच मोकळी करून सरसर जातो. दमणूक कमी होते म्हणे. हे दोन्ही करू का?

बर्फाळ_सोलापूर

माझं पण हायब्रिडच आहे. ९ वर ठेवलंय, दोन सीझनमध्ये एकदाही सुटलं नाही. ६ फारच कमी वाटतं. वाढवा आणि बिनधास्त जा.

कृष्णाकाठ

आकडा वाढवू नका. आधी एवढं ऐका, मग बाकीचं वाचा.

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने मेकॅनिकल. हिवाळ्यात संध्याकाळी इथल्या एका स्की-दुकानात बाइंडिंगच्या बाकावर काम करते. तुमची तक्रार डिसेंबरपासून आमच्या काउंटरवर येत राहते, आणि जवळजवळ दर वेळी गोष्ट हीच असते: बाइंडिंग दुसऱ्याच्या बुटाला लावलेलं, नवे बूट टूरिंगचे, आणि दुकानात फक्त टाच पुढेमागे केलेली.

टो-पीसच्या खाली बघा. बुटाचा तळ जिच्यावर टेकतो ती एक सरकती पट्टी आहे, तिला एएफडी म्हणतात. पडताना पाय पिळला गेला तर बुटाचं टोक या पट्टीवरून बाजूला सरकून सुटतं. साध्या अल्पाइन बुटांचं माप आयएसओ ५३५५ या मानकाने बांधलेलं आहे, टोकाशी तळाची जाडी १९ मिलिमीटर, फार तर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. त्यामुळे जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये या पट्टीची उंची बदलता आली नाही तरी चालायचं. टूरिंगचे बरेचसे बूट आयएसओ ९५२३ मध्ये येतात. त्यांचा तळ खडकावर चालण्यासाठी केलेला, जाड रबराचा, पुढे वर वळलेला, आणि प्रत्येक मॉडेलची जाडी वेगळी. म्हणून सगळे तळ चालणाऱ्या बाइंडिंगमध्ये ही पट्टी स्क्रूने वरखाली करता येते, आणि बूट बदलला की ती करावीच लागते.

तुमच्या ऑफिसातल्या माणसाच्या बुटाचा तळ जाड असेल तर पट्टी खाली बसलेली असणार. तुमचा बूट मग पुढच्या बाजूला अधांतरी राहतो. एकेका मोगलवर टोक वरखाली आपटतं, टो-पीसचे पंख हिसके खातात, आणि तुम्ही पडत नसतानाही ते उघडतात. इथे स्प्रिंग कितीही आवळली तरी खालची फट तशीच राहणार आहे. फक्त खरोखर पाय पिळला जाईल तेव्हा बाइंडिंग सुटायला जास्त जोर लागेल, आणि तो जोर तुमच्या नडगीवर येईल. डीआयएनचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीअरचा प्रकार यावरून तक्त्यात काढतात. ५० वर्षं झाली की तो मुद्दाम एक पायरी खाली आणतात. बरं, आकडा अचूक असला तरी गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटला या बाइंडिंग्जचं संरक्षण जवळजवळ नाहीच. हाड वाचवण्यापुरती ही यंत्रणा आहे. तेवढं तरी तिला करू द्या.

उलटी चूकही होते आणि तिची मला जास्त भीती वाटते. पट्टी वाजवीपेक्षा वर असेल तर बूट चिमटीत पकडल्यासारखा राहतो. स्की कधीच मधे सुटत नाही, मालक खूश असतो. पण टोक बाजूला सरकायलाच जागा नसते. सोलापूरकर, तुमचं दोन सीझन सुटलेलं नाही हे वाचून मला काळजी वाटली. आकडा ९ का ठेवलाय, कुणी मोजून दिलाय का, आणि पट्टी शेवटची कधी तपासली? टॉर्क टेस्टरवर (बाइंडिंग किती जोराने सुटतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावून घ्या, ही मनापासून विनंती.

नाशिककर, घरीच एक तपासणी करा. बुटाचा तळ आणि पट्टी पुसून कोरडी करा. पट्टीवर कागदाची पट्टी ठेवा, बूट बसवून खटका लावा आणि कागद ओढा. थोडा अडत, पण न फाटता बाहेर यायला हवा. सहज निसटला तर पट्टी खाली आहे, फाटला तर वर आहे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत नेमकं काय सांगितलंय तेही बघा, कंपन्यांमध्ये थोडा फरक आहे. मग टाचेकडचा दाबदर्शक (टाचेचा भाग बुटाला पुढे किती दाबतो ते दाखवणारा) खुणेत आहे का ते पाहा. दोन्ही पायांचं वेगवेगळं करा, उजव्याची तक्रार म्हणजे डावं ठीकच आहे असं नाही. आणि पार्किंगच्या डांबरावरून टूरिंग बूट घालून चालत असाल तर रबर झिजतं, माप बदलतं. सीझनमध्ये पुन्हा बघावं लागतं.

आता सपाट पट्ट्यावर चालण्याचा मोड. हे अजिबात करू नका, मित्रालाही थांबवा. चढाईच्या मोडमध्ये बुटाचं टोक पिनांमध्ये कुलूपबंद असतं, पडलात तरी ते सुटू नये अशीच त्याची रचना आहे. चढताना वेग नसतो म्हणून ते चालतं. लिफ्टकडे जाणारे ते पट्टे पूर्ण सपाट कधीच नसतात, मधे उतार येतोच, शिवाय शेजारून माणसं वेगाने जात असतात. त्यात बुटाचा स्वतःचा चालण्याचा खटकाही लोक उघडा विसरतात. टाच सुटी, घोटा सैल, टोक कुलपात. पाय मोडायला एवढं पुरतं. साध्या पिन बाइंडिंगवाले पुढची कांडी वर ओढून उतरतात तेही हेच. अरुंद कड्यावर जिथे स्की सुटली तर माणूस खोल जाईल तिथे जाणकार तो धोका पत्करतात. ग्रूम केलेल्या (यंत्राने सपाट केलेल्या) उतारावर त्याला काहीही कारण नाही.

ही साधनं कशासाठी आली ते लक्षात घेतलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. पिनांची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलची, १९८० च्या दशकातली. दिवसभर चढणाऱ्याला पायावर वजन नको होतं. डायनाफिटने ती बाजारात आणली. त्यातली हलकी बाइंडिंग्ज आज एका पायाला ३०० ग्रॅमच्याही खाली आहेत. मग लोकांना उतरतानाही भरवसा हवा झाला, तेव्हा मार्करचं किंगपिन, फ्रिट्ची टेक्टन अशी पुढे पिना आणि मागे अल्पाइन टाच असलेली आली. २०१८ मध्ये सॅलोमनच्या शिफ्टने पुढचा भागच रूप बदलणारा केला, साधारण ९०० ग्रॅममध्ये. २०२० च्या ड्यूक पीटीत पुढचा वरचा भाग काढून पाठपिशवीत टाकता येतो. सगळी हुशार कामं आहेत, मला मनापासून आवडतात. पण प्रत्येकात वजन कुठून तरी कमी केलंय, भाग वाढलेत, आणि प्रत्येक हलणारा भाग तपासावा लागतो.

टूरवर दिवसाला तुम्ही दोन-चारदा उतरता. लिफ्टवर त्याच्या कितीतरी पट. त्यात चेअरच्या पायटेकणीवर आपटणं, मोगल्सचे हादरे, आणि आय-७० महामार्गावर गाडीच्या टपावर बाइंडिंगवर उडणारं, रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मॅग्नेशियम क्लोराइड, जे आमच्याकडे स्प्रिंगा उघडल्या की पांढरं साचलेलं दिसतं. तुम्ही सगळे शनिवार लिफ्टवर काढणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: साधं अल्पाइन बाइंडिंग घ्या. जड आहे, लिफ्ट ते वजन वर नेते. घेताना तुमच्या रबरी तळाला ते मान्यता देतं का हे मात्र बघा, जुनी अल्पाइन बाइंडिंग्ज देत नाहीत. चढाईची हौस असेल तर हायब्रिड ठेवा, पण मग खरंच चढा. ए-बेसिनला ठरलेल्या वाटेने स्किन्स लावून जाता येतं, त्याचा वेगळा पास लागतो. नवख्यांसाठी कोलोरॅडोत ब्लूबर्ड नावाची बिनलिफ्टची जागा २०२० मध्ये निघाली होती, २०२३ मध्ये बंद पडली. शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नव्हती, मला अजून हळहळ वाटते.

नाशिककर_डेन्व्हर

ताई, रात्रीच कागद लावून पाहिला. उजवीकडे हात लावताच निसटला, फट डोळ्यांनी दिसते. डावीकडे किंचित अडतो. आता स्वतः स्क्रू फिरवू की दुकानात नेऊ? मित्राला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पट्ट्यावरचा मोड त्याने बंद करायचं कबूल केलंय.

कृष्णाकाठ

दुकानातच न्या, आणि तुमचे दोन्ही बूट बरोबर न्या. बूट नसतील तर त्यांना काही करता येणार नाही. नुसतं "सेट करून द्या" म्हणू नका. "या बुटाला पट्टीची उंची आणि दाब लावा, मग टॉर्क टेस्टरवर रिलीज तपासा आणि आकडे लिहून द्या" असं म्हणा. चिठ्ठी मागा. मोजून आलेला आकडा तक्त्याशी जुळला की ६ वरच स्की धरून राहते हे तुम्हालाच दिसेल. नीट मोजल्यावरही मधे सुटत असेल तर काहीतरी झिजलंय, मग भाग बदलावा लागेल.

मित्राबद्दल वाचून बरं वाटलं.

सह्यवारा

धागा थोडा वळवतो. मी पुण्याचा, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं आहे. आधी तिथेच कोर्स केलाय, आता स्वतःची स्की नेणार. गोंडोला आहे म्हणजे तीही लिफ्टच. मग मीही अल्पाइनच न्यावं का?

कृष्णाकाठ

नाही, गुलमर्गचं वेगळं आहे. तिथे गोंडोला दोन टप्प्यांत जाते, गुलमर्ग ते कोंगडोरी आणि तिथून अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर. ग्रूम केलेले उतार थोडे, बाकी मोकळा डोंगर. वरच्या स्टेशनातून पुढे कड्याच्या अंगाने चढून जायचं असेल, किंवा खाली उतरताना जंगलात भरकटून पुन्हा वर यावं लागलं, तर पिना आणि स्किन्स असणं फार मोलाचं आहे. हायब्रिडचं खरं काम अशाच ठिकाणी आहे. तुमच्याकडे पिनांचे धातूचे खळगे असलेले बूट असतील तर जरूर न्या.

पण तिथे बाइंडिंगचं दुकान हाताशी आहे असं धरून जाऊ नका. पट्टी, दाब, आकडा सगळं निघण्याआधी, तुमच्याच बुटांवर तपासून घ्या. रोज सकाळी बाहेर पडण्याआधी टोकाखालचा आणि पिनांच्या खळग्यांतला बर्फ खरवडून काढा. खळग्यात बर्फ गोठला तर पिन अर्धवट बसते आणि चढताना स्की निखळते. खटका उतरायच्या मोडवर आला की ब्रेक खाली पडलाय का हे बोट लावून बघा, नुसता आवाज ऐकून विश्वास ठेवू नका. अफरवटवर हिमस्खलन होतं, तेव्हा बिकन (गाडलेल्याला शोधायचा रेडिओ), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा जोडीदार याशिवाय दुसऱ्या टप्प्याच्या बाहेरच्या उतारांवर जाऊ नका.

आणि बॅगेत पीझेड-३ टोकाचा स्क्रूड्रायव्हर टाका. बाइंडिंगचे स्क्रू त्याच मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स लावलात तर डोकं घासून निघतं, आणि मग तो स्क्रू तिथे कुणालाच फिरवता येणार नाही.