मदत हवी आहे: कमी उंची, अरुंद खांदे, रोजचे कपडे कसे जुळवू?

मैत्रिणींनो, रोज कामावर घालायच्या कपड्यांबद्दल सल्ला हवाय. माझी उंची कमी, खांदे अरुंद आणि कंबरेखाली बांधा रुंद आहे. कपाटातला एकेक कपडा छान आहे, पण जोडी जमत नाही.

थोडंफार कळलंय ते असं. टॉप नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर संपला की नजर तिथेच अडते. तोच कमरेपर्यंत आखूड असला किंवा पुढून खोचला की पाय लांब दिसतात. वर-खाली एकाच रंगाच्या छटा घातल्या तर उंचीही जास्त वाटते, आणि हा प्रकार मला मनापासून आवडतो. खांद्याची शिवण मात्र नेमकी हाडावर बसायला हवी. ती खाली उतरली की चांगला शर्टही उसना आणल्यासारखा दिसतो.

खरं अडतंय ते ट्राउझरपाशी. हाय-वेस्ट घेतली की मांड्यांवर नीट बसते, पण कमरेला सैल राहते. कंबर आल्टर करून घ्यावी, की सरळ ए-लाइन (कमरेला बसणाऱ्या, खाली घेर वाढत जाणाऱ्या) स्कर्टकडे वळावं? रुंद पायांच्या ट्राउझरखाली सपाट बूट शोभतील का? दिवसभर उंच टाचा नकोत, पाय फार दुखतात.

खांदे जरा भरलेले दिसायला बोट नेक (खांद्यांपर्यंत जाणारा आडवा, रुंद गळा) बरा की फुगीर बाही? कापडही सुचवा, लिनन लगेच चुरगळतं. आणि कृपया 'काळं घाल' असं सांगू नका, मला रंग हवेत!