संगणक सुरूच होत नव्हता, आतलं सगळं कसं वाचवलंत? अनुभव सांगा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी २०११ साली मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. एकूण ४३ फायली. तीन वर्षांनी आजी गेली. ओव्या एका संगणकावरून दुसऱ्यावर अशा येत राहिल्या, पण दुसरी प्रत काढायची राहूनच गेली. गेल्या महिन्यात एका सकाळी लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस'.

दुरुस्तीच्या दुकानात नेला. 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.' डेटाचं विचारलं तर म्हणाले, 'सी ड्राइव्हचा जाईल.' ओव्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये होत्या, म्हणजे सी ड्राइव्हवरच. लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले.

मावसभाऊ फोनवर म्हणाला, 'ताई, दुरुस्त काहीच करू नकोस. आधी आतलं बाहेर काढ.' शेजाऱ्यांच्या संगणकावर उबंटूचा (लिनक्स जातीची, पेन ड्राइव्हवरूनही चालणारी विंडोजसारखी प्रणाली) पेन ड्राइव्ह तयार केला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला आणि 'इन्स्टॉल' सोडून 'ट्राय' निवडलं. विंडोज नव्हतं, पण डिस्क समोर दिसत होती! उघडताना सूचना आली की विंडोज नीट बंद झालेलं नाही, म्हणून डिस्क फक्त वाचता येईल, तिच्यावर लिहिता येणार नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ४२ फायली उतरल्या. शेवटची मात्र ३० टक्क्यांवर अडकली, आणि डिस्कमधून खर्रर्र असा आवाज यायला लागला. मी लगेच लॅपटॉप बंद केला.

त्या एका फायलीसाठी हा धागा. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत? वाचलं असेल तरी सांगा, गेलं असेल तरी सांगा.

*

शिक्षक, सातारा

आवाज आल्याबरोबर बंद केलात, हे फार बरं केलंत. माझा अनुभव त्या मानाने सोपा आहे. शाळेच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप मे महिन्याच्या सुट्टीनंतर सुरूच होईना. दहावीचे सगळे दाखले त्यात. डिस्क गेली असंच सगळ्यांनी धरलं. माझं लक्ष गेलं ते घड्याळाकडे: पडद्यावर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दिसत होती. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, त्यामुळे बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग मूळ पदावर गेली आणि डिस्कचा मोड बदलला. सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल नवीन घातला, बायोसमध्ये साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड परत पूर्वीचा 'एएचसीआय' केला आणि विंडोज उघडलं. डिस्कला दोष देण्याआधी सेल, केबल आणि मागे चुकून राहिलेला पेन ड्राइव्ह एवढं बघून घ्यावं.

*

संशोधक विद्यार्थिनी, पुणे

माझं गेलं. लिहायला जड जातंय, पण लिहिते.

माझी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर दिसत होती, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती. मी विंडोजमधलं चेकडिस्क चालवलं. 'डिस्क दुरुस्त करा' असं लिहिलेलं असतं, मग करायचंच ना, असं वाटलं. रात्रभर चाललं. सकाळी फोल्डरांच्या जागी शेकडो तुकडे, नावं नाहीत, आणि दुपारी डिस्क दिसायचीच बंद झाली. चेकडिस्क फायली वाचवण्यासाठी नसतंच. फायलींची यादी आतून सुसंगत करणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी ते डिस्कवर लिहितं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून मी रात्रभर लिखाण करून घेतलं. दोन वर्षांच्या मुलाखतींपैकी गाइडांना मेलने पाठवल्या होत्या तेवढ्याच उरल्या.

*

डीटीपी व्यवसाय, कोल्हापूर

ताई, तुमच्या ४३व्या फायलीसाठी सविस्तर लिहितो.

२०१६च्या गणपतीत आमची १ टीबीची डिस्क बसली. दिवाळी अंकाची १८० पानं त्यात लावून तयार. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला तर 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीपुढे चारशेच्या वर आकडा. चांगल्या डिस्कवर तिथे शून्य असतं. म्हणजे एवढ्या जागा डिस्कला स्वतःलाच वाचता येत नव्हत्या.

अशा डिस्कवरून एकेक फाइल कॉपी करू नये. कॉपी खराब जागेवर आली की तिथेच डोकं आपटत बसते आणि तेवढ्यात उरलेली डिस्कही हातची जाते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे अख्ख्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर उलट वागतं. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं आणि खराब जागा शेवटी थोड्या-थोड्या करून कुरतडतं. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फायलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. (आमच्याकडे दोनदा गेली.) दोन गोष्टी जपा. ज्या डिस्कवर प्रत घ्याल ती निदान मूळ डिस्कएवढी मोठी हवी, आणि आज्ञेत आधी मूळ, मग प्रत, हा क्रम तीनदा वाचून मगच एंटर दाबा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटेल.

आमचं काम तीन दिवस चाललं. डिस्कवर टेबल फॅन लावून बसलो होतो. पानांची फोल्डरं प्रतीतून जशीच्या तशी मिळाली. एक भाग मात्र मोडला होता, तिथे फोटोरेक हे हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवावं लागलं. फोटोरेक फायली त्यांच्या आतल्या खुणेवरून ओळखतं, नावं त्याला कळत नाहीत. सगळ्या फायलींची नावं म्हणजे एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. त्यातून लेख शोधायचे, आणि मजकूर सगळा श्रीलिपीत (मराठी अक्षरांसाठी इंग्रजी चिन्हं वापरणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेला! युनिकोड असतं तर लेखकाचं नाव टाकून शोधता आलं असतं. इथे फाइल उघडली की इंग्रजी चिन्हांचा नुसता चिखल. शेवटी 'आणि' हा शब्द त्या फॉन्टमध्ये कोणत्या चिन्हांनी बनतो ते पाहिलं, तीच चिन्हं सगळ्या फायलींमध्ये शोधली आणि मराठी मजकूर बाजूला काढला. जुन्या फॉन्टमध्ये काम असलेल्यांनी फॉन्टच्या फायलीही जपून ठेवाव्यात. मजकूर वाचला आणि फॉन्ट नसला तर तो वाचणार कोण?

*

गृहिणी, चिपळूण

२२ जुलै २०२१ला आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. संगणक दीड दिवस त्या गढूळ पाण्यात. पाणी ओसरल्यावर दीर सीपीयू उन्हात ठेवून चालू करून बघणार होते. माझ्या भावाने ठाण्याहून ओरडूनच सांगितलं, 'चालू करू नका!' साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. ते वाळलं की चिखलाचा थर तबकडीवर घट्ट बसतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतराने जातं. मातीचा एक कणही पुरे. डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळून बंद पिशवीत घातली आणि भावाने मुंबईच्या डेटा वाचवणाऱ्या लॅबमध्ये दिली. महिना लागला. सासऱ्यांचे बागेचे हिशोब गेले, लेकीच्या बारशापासूनचे फोटो बरेचसे आले. सगळे नाहीत.

*

आयटी सपोर्ट, म्युनिक

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी. आता अडचण बऱ्याचदा डिस्कची नसते, कुलपाची असते. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकरचं एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय) अनेकदा आपोआप चालू असतं. मदरबोर्ड बिघडला, डिस्क काढून दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. माझ्या बायकोचा लॅपटॉप असाच बंद पडला. तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की साठवलेली होती म्हणून दहा मिनिटांत सुटलो. ती की नसती, तर जगातल्या कोणत्याही लॅबला काही करता आलं नसतं. आज संगणक धडधाकट असतानाच आपली की कुठे आहे ते बघा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणि एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवरून) पुसलेल्या फायली परत येतील या भरवशावर राहू नका. ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा मागच्या मागे रिकामी करून टाकते.

*

फोटोग्राफर, नागपूर

माझ्या डिस्कमधून टिक-टिक, मग शांतता, परत टिक-टिक. एका लग्नाचे सगळे फोटो त्यात. कुणी म्हणालं फ्रीजरमध्ये ठेव, कुणी म्हणालं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तसलाच सर्किट बोर्ड आणून बदल. दोन्ही केलं नाही, ते बरं झालं. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. आणि बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मापं लिहिलेली असतात. ती चिप काढून नव्या बोर्डवर बसवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून हल्लीच्या डिस्क सहसा चालत नाहीत. लॅबने तशीच दुसरी डिस्क मिळवून हेड बदललं. २८,००० रुपये मोजले. ते दोन महिने नवरीच्या वडिलांचा फोन आला की पोटात खड्डा पडायचा. शेवटी त्यांना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी चहा पाजला, म्हणाले, 'वाट बघू.' फोटो आले तेव्हा पहिला अल्बम मी स्वतः हातात नेऊन दिला.

*

धागाकर्ती

कोल्हापूरच्या दादांनी सांगितलं तसं केलं. मावसभाऊ स्वतः आला. डिस्क काढून यूएसबीच्या केबलने त्याच्या लिनक्सच्या संगणकाला लावली, खाली ओटा, वर पंखा. शनिवारी रात्री नऊला सुरू केलं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी डिस्क उतरली, मग राहिलेल्या जागा कमी-कमी होत गेल्या. सोमवारी पहाटे थांबलं तेव्हा अख्ख्या डिस्कवरचं १२ केबी वाचता आलेलं नव्हतं.

त्रेचाळिसावी फाइल उघडली. माहेरच्या वाटेची ओवी आहे ती. दुसऱ्या कडव्यात सात-आठ सेकंद नुसती खरखर, मग जात्याची घरघर परत सुरू होते आणि आजी मध्येच थांबून मला म्हणते, 'अगं, पीठ सांडतंय, सूप धर.' हे तिने म्हटलेलं मी पार विसरून गेले होते. आईला फोन लावून ऐकवलं. खरखरीतल्या दोन ओळी आईला पाठ होत्या, तिने फोनवरच म्हणून दाखवल्या. त्याही रेकॉर्ड केल्या आहेत. आता तीन प्रती आहेत, एक आईकडे, एक मावसभावाकडे आणि एक माझ्याकडे.