मदत हवी आहे: इंग्लंडमधील दाव्यात सॉलिसिटर आणि बॅरिस्टर, अशा दोन्ही वकिलांना पैसे द्यावे लागतात का?

लेस्टरवासी: आमच्या स्वयंपाकघराचे काम अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदाराने उलट आमच्यावरच पैशांचा दावा लावला असून कोर्टाचा लिफाफा घरी आला आहे. सॉलिसिटर स्वतःची फी सांगतो आणि सुनावणीला बॅरिस्टर लागेल, त्याचे पैसे निराळे, असेही म्हणतो. ही रीतच आहे की लुबाडणूक, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मेपलरोड: दाव्याची रक्कम किती आहे आणि कागदावर तारीख कोणती आहे?

पुणेरी वकील: घाबरू नका. वकीलपत्र दाखल करून पहिल्या तारखेला म्हणणे मांडण्यासाठी मुदत मागून घ्या. ती सहसा मिळते.

मेपलरोड: वकीलसाहेब, हा सल्ला तिकडे चालेल, इथे अंगाशी येईल. दाव्याचा तपशील बजावल्यापासून 14 दिवसांत दावा मिळाल्याची पोच किंवा लेखी बचाव कोर्टाकडे गेला नाही, तर वादी सुनावणीविनाच निकाल मागू शकतो. आणि ती रक्कम महिन्याभरात भरली नाही, तर निकालाची नोंद 6 वर्षे राहते व घरासाठी कर्ज मिळणे अवघड होऊन बसते. वेळेत पोच दिल्यास बचावासाठी एकूण 28 दिवस मिळतात.

टेम्सकाठ: मूळ प्रश्नाचे उत्तर कुणीच दिलेले नाही. रीत अशीच आहे: अशिलाशी बोलणी, पत्रव्यवहार आणि कागदपत्रे हे सॉलिसिटरचे काम, तर न्यायालयातील युक्तिवाद प्रामुख्याने बॅरिस्टरचा. मात्र 2004 पासून लोकांकडून थेट काम घेण्याची, म्हणजे पब्लिक अ‍ॅक्सेसची मान्यता असलेल्या बॅरिस्टरकडे थेट जाता येते. मी तेच केले आणि खर्च बराच वाचला. सॉलिसिटरला सरळ वगळा.

मेपलरोड: वगळल्यावर मुदती सांभाळणे आणि कागद दाखल करणे बहुधा आपल्याच गळ्यात पडते, हेही सांगा की! शिवाय दावा 10,000 पौंडांपर्यंतचा असेल, तर तो साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांसाठीच्या सोप्या प्रक्रियेत चालतो, आणि तिथे जिंकले तरी वकिलाची फी सहसा समोरच्याकडून वसूल होत नाही. मग दोघेही कशासाठी?

एडिनबराचे अण्णा: आमच्याकडे बॅरिस्टर नसतातच, अ‍ॅडव्होकेट असतात, आणि सोप्या प्रक्रियेची मर्यादा 5,000 पौंड आहे. बाकी बॅरिस्टर म्हटले की ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत शिकलेले डॉ. आंबेडकरच आठवतात.

मेपलरोड: अण्णा, लेस्टर स्कॉटलंडमध्ये नाही.

लेस्टरवासी: रक्कम 6,400 पौंड आहे. लिफाफा शेजाऱ्यांकडे पडून राहिल्याने बरेच दिवस गेले आहेत. दावा यजमानांच्या नावावर आहे आणि ते सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आहेत, परंतु सुनावणीला मी उभी राहीन.

मेपलरोड: ताई, हे आधी सांगायला हवे होते. यजमानांना आजच ऑनलाइन पोच द्यायला सांगा. बचावातील मजकूर खरा असल्याच्या निवेदनावर त्यांचीच सही लागेल, कारण तुम्ही त्यांच्या वकील नाही. स्मॉल क्लेम्सच्या सुनावणीत तुम्हाला त्यांच्या वतीने बोलता येईल, पण ते स्वतः हजर असतील तरच. अशा दाव्यांत मे 2024 पासून फोनवरील मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे, तेव्हा त्या तासाभरासाठीही त्यांना मोकळे राहावे लागेल. अर्धवट कामाबद्दल भरपाई मागायची असेल, तर प्रतिदावा बचावासोबतच करावा. त्याची फी वेगळी असते. त्या कामाचे तारखेसकट फोटो आणि दिलेल्या पैशांच्या पावत्या आहेत का?