डिकीतल्या छत्र्यांचं काय?

प्रत्येक घराने आपापली गाडी ठेवण्यापेक्षा आठ-दहा घरांत मिळून दोन गाड्या वाटून घेतल्या तर पुरतील, असं म्हणतात, आणि ते हिशेबाला पटतं. आमचीही गाडी पुण्यात कोथरूडला आठवड्यातले पाच दिवस झाडाखाली धूळ खाते. इथल्या वनाज स्थानकाहून मेट्रो सुरू झाल्यापासून तर जास्तच. पण गाडी म्हणजे आमचं फिरतं कपाट आहे. मुलीची सीट, सासूबाईंची काठी, छत्र्या, (कधीची कोण जाणे) चिवड्याची पुडी. दर वेळी हे सगळं उतरवायचं कोणी? शिवाय दसऱ्याला गाडी सगळ्यांनाच हवी. एकदा भाड्याची सेल्फ ड्राइव्ह आणली, तर काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं बघून सासूबाई म्हणाल्या, "आपली नाही ना? मग हार कशाला?" दुसरी गाडी मात्र घेणार नाही. ती महिन्यातून दोनदाच लागते, तेवढ्यापुरती वाटून घेतलेली चालेल.