मदत हवी आहे: उजव्या गिअरची जुनी बुलेट घ्यावी की डावा गिअर नव्याने शिकावा? (वय ५६, नागपूर)

धरमपेठी:

नमस्कार मंडळी. वय ५६, उंची पाच फूट पाच, वजन विचारू नये. कॉलेजपासून नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत वडिलांची बुलेट चालवली. जुन्या पद्धतीची, म्हणजे गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. मग मुली झाल्या, कार आली, बुलेट विकली. तेव्हापासून दुचाकी म्हणजे घरची अ‍ॅक्टिव्हा, तीही भाजीबाजारापुरती. आता दोन्ही मुली पुण्याला. रविवारी सकाळी निघावं, झिल्पी, अदासा, फार तर रामटेक करून ऊन चढायच्या आत घरी यावं, एवढीच इच्छा आहे. लडाखचं नाव कोणी काढू नये.

नवी गाडी घ्यायची नाही. शिकताना एखाददोनदा ती आडवी होणार हे गृहीत धरलं आहे आणि नव्या गाडीचं मडगार्ड चेपलेलं मला बघवणार नाही. बजेट लाखाच्या आसपास. सध्या तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत:

१. कॉलनीतल्या एका गृहस्थांची १९९८ ची बुलेट. कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाचं, जुन्या पद्धतीचं) इंजिन, उजवा गिअर. बरेच महिने पोर्चमध्ये उभी आहे.
२. २०१६ ची क्लासिक ३५०.
३. २०१८ ची अ‍ॅव्हेंजर २२०. सीट ठेंगणी आहे म्हणून.

अडचण अशी की भाच्याची क्लासिक गल्लीत फिरवून पाहिली, तर गिअर टाकायला उजवाच पाय जातो आणि ब्रेक दाबला जातो. गल्लीत ठीक आहे, वर्धा रोडवर मागून ट्रक असताना काय? म्हणून वाटतं, पायांना जे येतं तेच घ्यावं. बायकोला विचारलं तर ती म्हणते, "कोणतीही घ्या, पण त्याला ते एबीएस असलं पाहिजे." एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय. तिला हे मुलींनी शिकवलंय.

लायसन्सवर गिअरवाली मोटरसायकल आहे, नूतनीकरणही झालेलं आहे. तो प्रश्न नाही.

मिस्त्रीपुत्र:

काका, बाबांचं गॅरेजच बुलेटचं होतं, मी तिथंच लहानाचा मोठा झालो, तरी सांगून राहिलो, ती ९८ ची घेऊ नका. म्हणजे गाडी वाईट आहे असं नाही. पण ती गाडी चालवायला कमी न् हातात पाना घ्यायला जास्त लागते. पॉइंटचा गॅप, टॅपेट, क्लचची केबल, काही ना काही दर महिन्याला पाहावंच लागते. तुमच्या बाबांच्या वेळी हे सगळं कोण करायचं ते आठवा.

दुसरं म्हणजे किक. अँपिअरचा काटा मधात आणून, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडायचा खटका) दाबून नीट मारली तर एका किकमध्ये सुरू. टायमिंग जरा पुढं-मागं असलं तर किक उलटी येते, न् ती गुडघ्यात नाही तर घोट्यात बसते. पंचविशीत काही वाटत नाही. आता वाटीन.

न् उभी गाडी म्हणजे टाकीच्या आतून गंज. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतलं पाणी ओढून घेते. जुन्या गाडीचे रबरी पाइप, कार्बोरेटरचे वायसर या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा आत.

कन्हानकाठ:

मी असहमत. घरात कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे, वडील सत्तरीला आले, आजही चालवतात. धरमपेठींचा मुद्दा बरोबर आहे. समोर अचानक गाय आली की विचार करायला वेळ नसतो, पाय आपला आपण जातो. तो बरोबर ठिकाणी जाणं महत्त्वाचं. पाना हातात घ्यावा लागतो हे खरं, पण निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला तेवढा विरंगुळा नको?

मिस्त्रीपुत्र:

भाऊ, तुमच्या बाबांनी मधात सोडलीच नाही. यांनी सोडून किती वर्षं झाली? दोन्ही एक नाही होत.

सुमाताई_त्रिमूर्तीनगर:

सगळे पायाबद्दल बोलताहेत, मला धरमपेठींच्या डाव्या हाताची जास्त काळजी वाटते. इतकी वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवली म्हणता ना? अ‍ॅक्टिव्हात घाबरलं की आपण दोन्ही हातांच्या मुठी आवळतो आणि गाडी थांबते, कारण दोन्हीकडे ब्रेकच आहे. मोटरसायकलला डाव्या हाताला क्लच. तो आवळला की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी तशीच पुढे पळते. पायातला ब्रेक दाबायचा असतो हे पायाला आठवतच नाही, कारण स्कूटरवर पाय नुसते ठेवलेले असतात. मग सगळा भार उजव्या हातातल्या पुढच्या ब्रेकवर. वाळूवर किंवा ओल्या सिमेंट रोडवर पुढचं चाक अडकलं की माणूस खाली.

ही सवय उजव्या गिअरच्या बुलेटवरही तशीच राहणार. म्हणजे "पायांना येतं" हा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही. पायांना तीस वर्षांपूर्वी येत होतं. हातांना कालपर्यंत दुसरंच येत होतं.

मी स्वतः पन्नाशीच्या तोंडावर परत गाडी हातात घेतली, तेव्हा महिनाभर स्कूटर पूर्ण बंद ठेवली होती. भाजीलासुद्धा मोटरसायकलच. एक दिवस हे, एक दिवस ते केलं की डोक्याचा गोंधळ उडतो.

धरमपेठी:

सुमाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे क्लासिक घेतली तरी ब्रेक नव्याने शिकायचा आणि बुलेट घेतली तरी शिकायचाच. मग उजव्या गिअरचा हट्ट कशाला?

पण अ‍ॅक्टिव्हा महिनाभर बंद ठेवायची तर घरात वेगळी परवानगी काढावी लागेल.

कागदवाला:

तुमच्या पत्नीची अट बघता तिन्ही गाड्या बाद. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत नाही, आणि ९८ च्या बुलेटला तर पुढेही ड्रम ब्रेक. तेव्हा २०१९ च्या एप्रिलनंतरची गाडी शोधा. एबीएस दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, तेही विचारा. अ‍ॅव्हेंजर २२० ला फक्त पुढच्या चाकाला असतं. क्लासिकमध्ये दोन्ही प्रकार निघाले.

शक्य असल्यास एप्रिल २०२० नंतरचीच बघा. तेव्हापासून बीएस६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सोमवार ते शनिवार उभी राहणाऱ्या गाडीला हे बरं, चोक ओढत बसावं लागत नाही. मात्र बॅटरी बसली की गाडी बसली. २०२१ च्या नव्या क्लासिकला तर किकच नाही.

आता कागदपत्रं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः ताडून पाहा, फोटोवर भागवू नका. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर चलान बाकी आहे का, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मालकाकडूनच घ्या, "नंतर देतो" चालणार नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी एमएच ३१ ची नसून दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलीही एनओसी लागू शकते, त्यात वेळ जातो. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, हे बहुतेक लोक विसरतात. आणि नोंदणी २०१९ च्या एप्रिलआधीची असेल तर नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का बघा, नसेल तर नाव बदलायचं काम अडतं.

बुलेटचंही सांगून ठेवतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवावी लागते, शिवाय पर्यावरण कर. ती गाडी उभी आहे म्हणता, तर ही मुदत संपलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

कन्हानकाठ:

एबीएसवर बोलायला जागा नाही, मान्य. पण ती ९८ ची कोणी भंगारात देत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चष्मेवाला:

गाडीतलं काही कळत नाही, पण धंद्यामुळे एक विचारतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे का? त्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो. गाडीवर मान न हलवता नुसती नजर खाली टाकली की चाकापुढचा खड्डा नेमका त्या भागातून दिसतो, म्हणजे धूसर. मान खाली न्यायची सवय करा, नाही तर गाडीसाठी नुसत्या दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करा. हेल्मेट घेताना चष्मा घालूनच घालून बघा, काडी कानावर दाबली गेली की अर्ध्या तासात डोकं धरतं. हेल्मेटवर आयएसआय खूण बघून घ्या.

शुगर असेल तर तळव्यांची जाणीव तपासून घ्या. गिअर पडला की नाही हे पायालाच कळावं लागतं.

धरमपेठी:

शुगर काठावर आहे, चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे. तुम्ही दुकान कुठे टाकलंय ते सांगा, येतो.

दरम्यान दोन गाड्या सापडल्या. एक २०२० ची क्लासिक, बीएस६, दोन्ही चाकांना एबीएस, पहिलाच मालक. दुसरी २०२२ ची हंटर ३५०, बजेटच्या थोडी वर. क्लासिकचं वजन पाहून धडकी भरली, मालक म्हणाला १९५ किलो. हंटर १८१. एवढ्या चौदा किलोंनी काय फरक पडतो?

सुमाताई_त्रिमूर्तीनगर:

रस्त्यावर काही नाही, गेटमध्ये सगळा. आपल्याकडच्या घरांना गेटसमोर उतार असतोच. इंजिन बंद करून गाडी त्या उतारावर मागे घ्या, मग परत वर ढकला. जमलं आणि कंबर शाबूत राहिली तर ती गाडी तुमची. शोरूमच्या सपाट फरशीवर सगळ्याच गाड्या हलक्या वाटतात. दोन्ही टाचा टेकतात का तेही बघा, पण सीटच्या उंचीपेक्षा सीटची रुंदी जास्त आड येते. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा आखूड पडतो.

मिस्त्रीपुत्र:

गाडी पाहायला सकाळी जा न् इंजिनला आधी हात लावा. गरम असलं तर समजायचं की मालकानं तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवली. थंड इंजिन कसं उठते, पहिला धूर कसा निघते, तेच पाहायचं असते. निळसर धूर थांबतच नसीन तर ऑइल जळून राहिलं.

मग मेन स्टँडवर लावा, कोणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक अधर होते. हँडल हळूच डावीकडून उजवीकडे फिरवा. मधात कुठं खटकलं, अडकलं, तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चेन मागच्या दात्यांवरून हातानं ओढून पाहा, सुटून वर आली न् दाते एका बाजूला झुकलेले दिसले तर पूर्ण किट बदला, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. पुढच्या शॉकपच्या नळीवर तेलाची रेघ आहे का पाहा.

टायरवर चार आकडे असतात, ३४२० म्हणजे २०२० च्या चौतिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, पाच-सहा वर्षांचा टायर असीन तर बदलायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात रबर दगडासारखं होते बाप्पा, पकड राहत नाही.

न् लिव्हरचं टोक, फूटरेस्टचं टोक, सायलेन्सरची बाहेरची बाजू. तिन्ही एकाच बाजूनं घासलेले असले तर मालक काही सांगो, गाडी पडली आहे. पडली म्हणून सोडू नका, पण हँडल सरळ आहे का ते रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहा.

सुमाताई_त्रिमूर्तीनगर:

सरावाला रविवारी पहाटे मिहानकडे जा. रस्ते रुंद आहेत आणि त्या वेळी रिकामे असतात. पहिले दोन-तीन रविवार गिअर दुसऱ्याच्या वर नेऊच नका. अर्धा क्लच धरून माणसाच्या चालीनं गाडी चालवायची, मग आठचा आकडा. त्यानंतर फक्त ब्रेक: वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस. पुढचा ब्रेक झटक्यानं न आवळता हळूहळू दाबत न्यायचा आणि उजवा पाय सोबत. आपल्या पिढीला पुढच्या ब्रेकची भीती घालून ठेवली होती, पण थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी थांबवून परत पुढे काढायचाही सराव करा. फुटाळ्याला संध्याकाळी चुकूनही नको.

पायात घोटा झाकणारा बूट, चप्पल नाही. आणि वस्तीतले सिमेंट रोड सांभाळा. रोडची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जो खड्डा असतो, त्यात तिरपं चाक घातलं की गाडी हातातून जाते. उतरायचंच झालं तर वेग कमी करून सरळ काटकोनात उतरा.

कागदवाला:

रूट विचारलात तर पहिली फेरी हिंगणा रोडने झिल्पी. मग काटोल रोडने कळमेश्वर, धापेवाड्याला विठ्ठल आणि पुढे अदासाचा गणपती, असा अर्धा दिवस. रामटेक शेवटी ठेवा, मनसरपर्यंत ट्रकांची सोबत असते. समृद्धीचा विचार करत असाल तर तिथे दुचाकीला बंदी आहे.

धरमपेठी:

सगळ्यांचे आभार. हंटर बाद, बजेट बसत नाही. कॉलनीतल्या गृहस्थांना बुलेटसाठी नाही म्हणून कळवलं, कन्हानकाठ, तुमचा निरोपही पोचवला. २०२० च्या क्लासिकचा मालक मनीषनगरचा, येत्या शनिवारी सकाळी बघायला बोलावलंय. त्याच्या गेटसमोर उतार आहे हे फोटोत पाहून घेतलं.

मिस्त्रीपुत्र, तुम्ही सोबत याल का? चहा-तर्रीपोहे माझ्याकडून.

मिस्त्रीपुत्र:

येतो काका, साडेसातला. मालकाला आजच फोन करून सांगा, आम्ही पोचेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. न् येताना चष्मा न् बूट घालून या, चप्पल घालून गाडी चालवू देणार नाही मी.